मेलेल्या भुंग्यांचा संसार

माणूस मेला की त्याच्या अंगी एकाएकी पुष्कळ गुण येतात. जन्मभर कुणाला कपभर चहा न पाजलेला गृहस्थ शोकसभेत 'अत्यंत आतिथ्यशील' ठरतो, आणि ज्याच्या तासाला निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहत असे तो प्राध्यापक 'विद्यार्थिप्रिय' होतो. या चमत्काराची आपल्याला आता सवय झालेली आहे. परंतु मेल्यानंतर अभिनय करू लागलेले नट मात्र मी आयुष्यात एकदाच पाहिले. आणि अभिनय तरी कसला? चोरटे प्रेम, मत्सर, नवऱ्याचा संताप, बायकोचा राग, भर थिएटरातली हाणामारी! नायक भुंगा, नायिका भुंग्याची बायको, नाचणारी एक चतुर आणि या सगळ्यांना पुरून उरणारा एक नाकतोडा. सगळे मेलेले, वाळलेले, तारेने बांधलेले. चित्रपट रशियातला, १९१२ सालचा, मूक, जेमतेम बारा-तेरा मिनिटांचा. नाव 'चित्रपटाच्या कॅमेरावाल्याचा सूड'.

या बारा-तेरा मिनिटांनी आमच्या घरात जे केले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे. पण गोष्ट मुळापासून सांगायला हवी, आणि तिच्या मुळाशी आहेत मटार.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या कन्येने (ती अकरावीत आहे) बाजारात नुकतेच आलेले, म्हणजे चांगलेच महाग असलेले पाव किलो मटार ताब्यात घेतले. देवघराशेजारी पाट मांडला. माझ्या एम. ए.च्या वेळचे दोन जाडजूड ग्रंथ एकावर एक रचून त्यांवर मोबाईल उभा केला. मग एक फोटो काढायचा, मटाराचा दाणा गव्हाएवढा पुढे सरकवायचा, पुन्हा फोटो काढायचा. असे चार तास चालले. एकशे आठ फोटो झाले. ते भराभर एकामागून एक दाखवले तेव्हा नऊ सेकंदांचा चित्रपट तयार झाला. शेंगेतून मटार शाळेतल्या पोरांसारखे रांगेने बाहेर पडतात, आणि शेवटचा एक भिऊन परत आत पळतो. मला तर तो पळपुटा मटार फारच आवडला.

"नऊ सेकंदांसाठी चार तास?" माझी आई म्हणाली, "एवढ्यात चकलीचे चार घाणे निघाले असते."

आम्ही नाशिकचे. नाशिकच्या माणसाला अशा वेळी दादासाहेब फाळके आठवले नाहीत तर त्याने गोदावरीचे पाणी पिऊन फुकट घालवले म्हणायचे. मी मुलीला म्हणालो, "अगं, मटाराचा मान आपल्याकडे फार जुना आहे." फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, या धंद्यात पैसे घालायला लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसेंदिवस थोडी थोडी चित्रे घेतली. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. बी फुटले, कोंब आला, वेल झाला. तो वाटाणा पाहून सावकार विरघळला आणि हिंदी चित्रपटाचे भांडवल उभे राहिले. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा एक छोटा चित्रपट केला. त्यात आगपेटीतल्या काड्या आपल्या आपण हालचाल करतात. युक्ती तीच. वस्तू हलवायची ती कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असताना. डोळा उघडेल तेव्हा ती निश्चल हवी. हलते ते फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यात.

"म्हणजे फसवणूकच की," आई म्हणाली.

"फसवणूकच," मी म्हणालो, "आणि या फसवणुकीतला एक बाप माणूस मी तुम्हाला आज संध्याकाळी दाखवतो."

हा बाप माणूस म्हणजे व्लादिस्लाव स्तारेविच. जन्म मॉस्कोचा, १८८२ चा. आईबाप पोलिश. आई लहानपणीच गेल्यामुळे तो वाढला आजोळच्या मायेत, काउनास या गावी. हे गाव आज लिथुआनिया देशात आहे. त्या काळी तिथे झारचे राज्य होते. मोठेपणी तो तिथल्या पदार्थसंग्रहालयाचा प्रमुख झाला. किड्यांचे त्याला लहानपणापासून वेड. आपल्याकडे ज्या मुलाच्या खिशात किडे सापडतात त्याला फटके मिळतात. याला नोकरी मिळाली.

१९१० च्या सुमारास स्तारेविचच्या मनात आले की, शिंगवाल्या भुंग्यांची झुंज चित्रित करावी. हा भुंगा युरोपात ओकच्या रानात सापडतो. नराच्या तोंडापुढे हरणाच्या शिंगांसारखे दोन मोठे आकडे असतात. खरे म्हणजे ती शिंगे नव्हेत, जबडेच आहेत. पण त्यांचा उपयोग खाण्यापेक्षा भांडण्याकडे अधिक. मादीसाठी दोन नर समोरासमोर उभे ठाकतात आणि एकमेकांना आकड्यात धरून उलथून टाकतात. दृश्य मोठे नामी. अडचण एकच होती. हे पहिलवान आखाड्यात उतरतात ते तिन्हीसांजेला किंवा रात्री, आणि चित्र घ्यायचे तर लख्ख दिवे हवेत. दिवे लावले की भुंगे निपचित पडायचे. हौशी नाट्यमंडळात काम केलेल्यांना हा प्रकार नवा नाही. तालमीत सिंहासारखा गरजणारा नट पडदा वर गेला, तोंडावर प्रकाश पडला की जागच्या जागी गारठतो.

नाटकवाले अशा वेळी विंगेतून शब्द पुरवतात. स्तारेविचने वेगळे केले. एमिल कोल नावाच्या फ्रेंच माणसाचा १९०८ सालचा एक चित्रपट त्याने पाहिला होता. त्यातही आगकाड्याच नाचत होत्या! काडी नाचते तर भुंगा का नाचू नये? त्याने मेलेले भुंगे घेतले. त्यांचे पाय काढून त्यांच्या जागी बारीक तारा लाखेने चिकटवल्या. मग एक पाय केसभर उचल, चित्र घे. दुसरा उचल, चित्र घे. जिवंतपणी जी लढाई त्यांनी लढायचे नाकारले होते, ती मेल्यावर न कुरकुरता लढून दाखवली.

पुढे हे चित्रपट लंडनला पोहोचले तेव्हा तिथल्या काही वर्तमानपत्रवाल्यांची अशी समजूत झाली म्हणतात की, कुणा रशियन शास्त्रज्ञाने जिवंत किड्यांना शिकवून तयार केले आहे. आपण हसतो, पण मला त्या बातमीदारांची कीव येत नाही. किडे मेलेले आहेत आणि तरी आपण त्यांच्या प्रेमाची, मत्सराची काळजी करत बसलो आहोत, हे कबूल करण्यापेक्षा किडे शिकवलेले आहेत असे मानणे सोपे.

१९११ मध्ये स्तारेविच मॉस्कोला गेला आणि अलेक्सांद्र खानझोन्कोव्ह या निर्मात्याकडे काम करू लागला. पुढच्याच वर्षी त्याने हा 'सूड' पुरा केला. त्या काळच्या हिशेबाने सेकंदाला सोळा चित्रे धरली तर बारा मिनिटांना साडेअकरा हजार चित्रे होतात. साडेअकरा हजार वेळा या माणसाने मेलेल्या भुंग्याचा एखादा पाय, एखादी मिशी किंचित हलवली आहे. एवढी चिकाटी कशासाठी, तर एका चोरट्या भानगडीची गोष्ट सांगण्यासाठी.

विषय असा असल्यामुळे घरच्यांसमोर लावावा की नाही, असा मला क्षणभर प्रश्न पडला. आईने तो सोडवला. "भुंग्यांचाच आहे ना? मग काय बिघडलं?" असे म्हणून ती करंज्यांच्या सारणाचा डबा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली. शेजारी मुलगी, पलीकडे ही, आणि मी आरामखुर्चीत.

चित्रपट सुरू झाला. आपण त्यांना भुंगेराव आणि भुंगेवहिनी म्हणू. दोघांचा संसार सुरळीत चाललेला आहे. इतका सुरळीत की दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला आहे. भुंगेराव हातात बॅग घेऊन कामानिमित्त वरचेवर शहरात जातात.

"कसलं काम?" हिने विचारले.

"ते चित्रपटात सांगितलेलं नाही," मी म्हणालो.

"कधीच सांगत नाहीत," ही म्हणाली.

काम काहीही असो, ते संपते 'आनंदी चतुर' नावाच्या नाचघरात. तिथे एक चतुर नाचते. आपल्या भाषेने या किड्याला दिलेले नाव किती अचूक आहे हे मला त्या दिवशी कळले. पंख काय हलवते, मान काय वेळावते! तिच्यावर एका नाकतोड्याचेही मन आहे. भुंगेराव अंगाने दणकट. ते नाकतोड्याला बाजूला सारतात आणि चतुरीला घेऊन जातात. त्यांना काय ठाऊक की हा नाकतोडा चित्रपटाचा कॅमेरावाला आहे! आचारी आणि कॅमेरावाला या दोघांशी वैर धरू नये, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. एक पोटात काय घालील आणि दुसरा पडद्यावर काय आणील याचा नेम नाही. नाकतोडा आपला कॅमेरा उचलतो, सायकलवर बसतो आणि त्या जोडीच्या मोटारीचा पाठलाग करतो. हॉटेलच्या खोलीच्या दाराला कुलपाचे भोक असते. त्या भोकाला कॅमेरा लावून तो हँडल फिरवू लागतो.

ते सायकलवरचे ध्यान पाहून आमच्या घरात हशाचा स्फोट झाला. आईच्या मांडीवरचे सारण सांडले. किड्यांची प्रेते सायकल चालवत आहेत याचा आम्हाला पूर्ण विसर पडला होता.

इकडे घरी भुंगेवहिनी काही उदबत्त्या लावत बसलेल्या नाहीत. त्यांचे मन एका चित्रकारावर जडलेले आहे. मोलकरीण चिठ्ठी पोहोचवते, चित्रकार येतो, दोघे कोचावर बसतात. एवढ्यात दारात भुंगेराव! चित्रकार चुलाण्यात शिरतो आणि धुराड्यातून वर निसटतो. भुंगेराव जो काही कल्लोळ करतात तो पाहावा. ज्याचे स्वतःचे अंग अजून दुसरीकडच्या अत्तराने घमघमत असेल, त्या गृहस्थाला आपल्या घराची अब्रू एकदम किती प्यारी होते!

आणि मग येते ती या चित्रपटातली सर्वांत थोर घटना. भुंगेराव मोठ्या मनाने बायकोला क्षमा करतात. नुसती क्षमा करून थांबत नाहीत, तिला चित्रपटाला घेऊन जातात.

इथे मी एकटाच मोठ्याने हसलो. ही हसली नाही. पुढे काय होणार हे मला माहीत होते, म्हणून मी हसत होतो; तिला ते माहीत नव्हते. निदान असे मला त्या वेळी वाटले.

थिएटर भरलेले आहे. भुंगेराव ऐटीत बसले आहेत, शेजारी क्षमा मिळालेली बायको. यंत्रघरात यंत्र चालवायला कोण? नाकतोडा! दिवे मालवतात, पडदा उजळतो, आणि पडद्यावर हॉटेलची खोली, चतुर आणि खुद्द भुंगेराव. भुंगेवहिनी छत्री उचलतात आणि नवऱ्याला बडवू लागतात. भुंगेराव पळता पळता पडदा फाडून आरपार जातात, नाकतोड्याला गाठतात, मारामारी होते, यंत्र पेट घेते. शेवटच्या दृश्यात नवराबायको दोघेही तुरुंगात आहेत.

"एका कोठडीत आहेत ना?" आई म्हणाली, "मग नांदतील."

चित्रपट संपला. मुलीने लगेच तारा कुठे बांधल्या असतील याचा शोध सुरू केला. मी मास्तर असल्यामुळे मला व्याख्यान देण्याची सुरसुरी आली. मी म्हणालो की, हा चित्रपट पाहताना देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळ'ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ते नाटक १९१६ साली रंगभूमीवर आले, म्हणजे या भुंग्यांच्या आगेमागेच. तिथेही एक संशयी नवरा आहे, फाल्गुनराव. एक संशयी बायको आहे, कृत्तिका. आणि सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी एक तसबीर आहे. कृत्तिकेच्या हाती परक्या पुरुषाची तसबीर दिसते आणि फाल्गुनरावांचे डोके फिरते. फाल्गुनराव रस्त्यात मूर्च्छा आलेल्या एका बाईला सावरतात आणि कृत्तिकेचे डोके फिरते. पण प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असते की, दोघेही निर्दोष आहेत. तसबीर खरी, तिच्यावरून काढलेला अर्थ खोटा. म्हणून आपण निर्धास्त हसतो. घरी जाताना मनात येते, चला, संशय वाईट. एरवी माणसे चांगलीच असतात.

स्तारेविचने आपल्याला ही सोय ठेवलेली नाही. त्याच्या घरात दोघांचेही संशय खरे आहेत. किंबहुना जेवढा संशय घ्यायला हवा तेवढा कुणी घेतलेलाच नाही. तिथली तसबीर हलती आहे आणि ती खोटे बोलत नाही. देवलांच्या नाटकात उजेड पडला की भांडण मिटते. इथे उजेड पडला की आग लागते.

या आगीतही एक गंमत आहे. गंमत म्हणायला जीभ अडखळते एवढेच. त्या काळची फीत अतिशय ज्वालाग्राही असे. १८९७ च्या मे महिन्यात पॅरिसला एका धर्मादाय बाजारात चित्रपटाच्या यंत्राच्या दिव्यामुळे आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसे होरपळून मेली होती; त्यांत बहुतेक बायका. यंत्राने पेट घेतला की काय होते हे १९१२ च्या प्रेक्षकाला चांगले ठाऊक होते. म्हणजे थिएटरात बसून तो थिएटर जळताना पाहत होता आणि हसत होता. हातात दारूगोळा देऊन गुदगुल्या करण्यासारखाच हा प्रकार.

आईचा आक्षेप वेगळा होता. सारण पुन्हा डब्यात भरता भरता ती म्हणाली, "ते सगळं खरं, पण मेलेल्या जिवांना असं नाचवायचं म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्यातला प्रकार झाला. मेल्यावर तरी विसावा नको?" मी उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो, कारण तिचा मुद्दा खोटा नव्हता. या विनोदाचा रंग काळा आहे तो तेवढ्यासाठीच. आपण मरणावर उभे राहून हसत असतो. पण विचार करता करता मला वाटले, मेलेले भुंगेच इथे हवे होते. जिवंत नटांनी ही गोष्ट केली असती तर आपण कुणाची तरी बाजू घेतली असती. नवऱ्याचा चेहरा पडलेला पाहून कुणाला त्याची दया आली असती. बायकोच्या डोळ्यांत पाणी पाहून कुणी तिच्याकडे झुकले असते. भुंग्याच्या चेहऱ्यावर काहीच नसते. राग नसतो, लाज नसते, पश्चात्तापही नसतो. ते सगळे पाहणाऱ्याने आपल्या पदरचे घालायचे. स्तारेविच फक्त पाय हलवतो. चेहरा आपण पुरवतो.

आणि मी कुणाचा चेहरा पुरवला होता, ते मला रात्री नऊच्या सुमारास कळले.

मुलगी झोपायला गेली होती. ही ओट्याजवळ उभी राहून दुधाला विरजण लावत होती. माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "अहो, त्या 'संशयकल्लोळ'ची तिकिटं तेव्हा केवढ्याची होती हो?"

इथे वाचकांना थोडे मागे न्यावे लागेल. आठ वर्षांपूर्वी एक दिवस मला घरात पैसे पाठवल्याची एक पावती सापडली. ही आपल्या विधवा बहिणीला, तिच्या मुलाच्या फीसाठी, मला न सांगता वर्षभर दरमहा दोन हजार रुपये पाठवत होती. पैसे शिकवण्यांतून तिनेच मिळवलेले. पण मला न सांगता! मी जो काही कल्लोळ केला तो आईच्या देखत केला. 'विश्वास' हा शब्द त्या संध्याकाळी मी इतक्या वेळा उच्चारला की, वर्गात एखाद्या पारिभाषिक शब्दाचाही तेवढा उच्चार कधी केलेला नाही. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या मनाने क्षमा केली. नुसती क्षमा करून थांबलो नाही, कालिदास कलामंदिरात 'संशयकल्लोळ'चा प्रयोग होता, त्याला तिला घेऊन गेलो. पहिल्या रांगांतली तिकिटे काढली. मध्यंतरात बटाटेवडाही खाऊ घातला.

मी काय केले होते ते आता सांगतो. त्याच वर्षी, तिच्या पावतीच्या चार महिने आधी, मी आमच्या दोघांच्या शिल्लकेतले चाळीस हजार रुपये कॉलेजातल्या एका जुन्या मित्राला उसने दिले होते आणि घरी सांगितले होते की, मुदतठेवीत ठेवले आहेत. त्या ठेवीचे व्याजही मी अधूनमधून घरात बोलून दाखवत असे. मित्राने पैसे परत केले नाहीत. मी ते पुढे कधी मागितलेही नाहीत, आणि ठेव मात्र आमच्या घरात वाढत राहिली.

"तुला कधी कळलं?" मी विचारले.

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. त्यांची बायको भेटली. डोळ्यांत पाणी आणून आभार मानले तिनं. म्हणाली, तुम्ही दोघांनी आमची अब्रू राखलीत."

"म्हणजे कितीव्या संक्रांतीला?"

"नाटकाच्या आधीच्या."

मी हिशेब केला. म्हणजे मी 'विश्वास विश्वास' म्हणून ओरडत होतो तेव्हा तिला माहीत होते. मी क्षमा केली तेव्हा माहीत होते. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसून फाल्गुनरावांना ती हसली तेव्हाही माहीत होते. माझा सबंध चित्रपट तिच्याजवळ आठ वर्षे तयार होता आणि तिने तो कधी यंत्रावर चढवला नाही. भुंगेवहिनींच्या हाताशी छत्री होती. हिच्याही हाताशी होती.

"मग बोलली का नाहीस?"

तिने विरजणाच्या भांड्यावर झाकण ठेवले. "तुम्ही क्षमा करत होतात," ती म्हणाली, "मध्ये कशाला बोलायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून मी तो चित्रपट आवाज नसलेल्या मोबाईलवर एकट्याने पुन्हा पाहिला. (मूक चित्रपटाला आवाज बंद करावा लागत नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही, यावरून मनःस्थितीची कल्पना यावी.) या वेळी हसू आले ते सायकलला नव्हे. भुंगेराव क्षमा करतात तिथे आले, पण त्या हसण्याला संध्याकाळची चव नव्हती. मला वाटते, स्तारेविचला जे म्हणायचे होते ते तिथेच आहे. पाप दोघांनीही केलेले असते. त्याने घराचे तुकडे होतातच असे नाही. पण स्वतःची फीत खिशात लपवून दुसऱ्याला क्षमा करणारा माणूस मात्र फार हास्यास्पद दिसतो. आणि तो तसा दिसतो हे त्याला सोडून सबंध थिएटरला कळत असते.

स्तारेविचचे पुढे काय झाले, असे मुलीने दुसऱ्या दिवशी विचारले, म्हणून सांगतो. १९१७ च्या क्रांतीनंतर त्याने रशिया सोडला आणि अखेर पॅरिसजवळच्या फोंतने-सू-ब्वा या गावी त्याने बिऱ्हाड केले. तिथे घरातच कारखाना. किड्यांच्या जोडीला आता बेडूक, कोल्हे, सिंह, कापडाची कुत्री असे नट आले. मोठी मुलगी इरेन जन्मभर त्याच्याबरोबर काम करत राहिली, धाकटीने लहानपणी त्याच्या चित्रपटांत कामे केली, आणि बायको बाहुल्यांचे कपडे शिवून देई. १९६५ च्या फेब्रुवारीत तो वारला. आपल्या फाळक्यांकडेही थेट हेच होते. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि फितीला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे रात्र रात्र जागून केली. एकेक चित्र जिथे चार हातांतून जाते, तिथे नवऱ्याने एखादी फीत खिशात लपवायची म्हटली तरी अवघडच. मला त्या दोन्ही घरांचा त्या सकाळी हेवा वाटला.

मुलीने यंदाच्या सुटीत नवा चित्रपट काढायचे ठरवले आहे. नट म्हणून तिने खिडकीत मरून पडलेली एक गांधीलमाशी काडेपेटीत जपून ठेवली आहे. आईने ती काडेपेटी दोनदा बाहेर टाकली आणि ती दोन्ही वेळा परत आली. आता आई म्हणते, "ठेव बाई, पण तिला निदान चांगल्या घरची बाई कर."

हा लेख छापायला देण्यापूर्वी हिला वाचायला दिला. आठ वर्षांनी का होईना, काही दाखवायचे तर आधी घरात दाखवावे, एवढे शहाणपण भुंगेरावांनी मला शिकवले आहे. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. बहिणीचा उल्लेख राहू दे म्हणाली, बटाटेवड्याचाही राहू दे म्हणाली. फक्त एका जागी पेन्सिलीने खूण केली.

"चाळीस नाही," ती म्हणाली, "साठ."

वर चाळीस लिहिले आहे ते तसेच ठेवले आहे. वाचकांनी कृपा करून तिथे साठ वाचावे.